मे महिन्यातली शिराझ: वाईनच्या पहिल्या फजितींबद्दल एक सविस्तर उत्तर

खारघरच्या तिशीतल्या एका जोडप्याने मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. जानेवारीत ते नाशिकला गेले होते. तिथल्या एका वायनरीत त्यांनी शिराझ ही लाल वाईन चाखली, ती दोघांनाही आवडली, म्हणून त्यांनी तिच्या दोन बाटल्या घरी आणल्या. मे महिन्यातल्या एका रविवारी मटणाच्या झणझणीत रश्शाबरोबर त्यांतली एक उघडली, तेव्हा ती 'काढ्यासारखी कडू' लागली आणि घसा जळला. कोणीतरी सुचवले म्हणून ग्लास तासभर फ्रीजरमध्ये ठेवून पाहिले, तर ती आणखीच कडवट झाली. पुढे लग्नाच्या वाढदिवसाला स्पार्कलिंग, म्हणजे फसफसणाऱ्या वाईनची बाटली उघडताना बूच पंख्यावर आपटले आणि निम्मी वाईन सोफ्याने प्यायली. शेवटचा प्रसंग वाशीतल्या एका हॉटेलातला. वेटरने ग्लासात घोटभरच वाईन ओतली आणि तो शेजारी उभा राहिला. नवऱ्याने ती एका दमात संपवून "एवढीच?" असे विचारले, आणि शेजारच्या टेबलावर हसू फुटले. आता त्यांचा प्रश्न असा की, आपल्या जिभेला वाईन कळतच नाही का, आणि तीन आठवडे फ्रीजच्या दारात उभ्या असलेल्या शिराझच्या त्या अर्ध्या बाटलीचे काय करायचे?

गेली वीस-बावीस वर्षे वाईन वाढणे आणि ती चाखायला शिकवणे हेच माझे काम आहे. आधी ते हॉटेलांत केले आणि आता ठाण्यात लहान लहान गटांसाठी करतो. या अनुभवावरून सांगतो, तुमच्या जिभेत काहीही खोट नाही. तसे असते तर जानेवारीत तीच शिराझ तुम्हाला आवडली नसती. बाटली तीच होती, जीभही तीच होती. बदलल्या त्या दोनच गोष्टी, हवा आणि ताट. वाईनचे जे नियम आपल्यापर्यंत पोहोचले आहेत ते थंड हवेच्या देशांत आणि तिथल्या स्वयंपाकासाठी तयार झाले आहेत, आणि नवशिक्यांच्या बहुतेक फजिती ते नियम ठाणे-पनवेल पट्ट्यात जसेच्या तसे पाळल्यामुळे होतात.

सर्वांत जास्त नुकसान केले आहे ते 'लाल वाईन रूम टेंपरेचरला प्यावी' या एका वाक्याने. हे वाक्य ज्या खोलीबद्दल बोलते ती जुन्या युरोपातली, जाड दगडी भिंतींची आणि घरभर उष्णता पुरवणारी यंत्रणा येण्यापूर्वीची खोली आहे. तिचे तापमान १६ ते १८ अंशांच्या आसपास असे. खारघरच्या सातव्या मजल्यावर, पश्चिमेला खिडकी असलेल्या तुमच्या दिवाणखान्यात मे महिन्याच्या दुपारी ३२-३३ अंश असणार. एवढ्या उबेला वाईनमधले अल्कोहोल वेगाने उडू लागते, त्यामुळे ग्लास नाकाशी नेताच आधी स्पिरिटचा भपका येतो, फळाचा वास त्याच्या मागे दडून जातो आणि घोट घेतल्यावर घसा पोळल्यासारखा वाटतो. वायनरीत हीच बाटली थंड तळघरातून तुमच्यासमोर आली होती आणि बाहेर नाशिकचा जानेवारी होता. तिथे कोणी तुम्हाला तापमानाबद्दल काही सांगितले नाही, कारण सांगण्याची गरजच पडली नाही.

फ्रीजरचा उपाय उलट्या बाजूने चुकला. वाईन फार गार झाली की तिचा वास बाहेर येत नाही आणि तिच्यातला तुरटपणा व कडवटपणा मात्र जास्त टोचतो. म्हणून लाल वाईन बर्फासारखी गार करून पिणे हा उकाड्यावरचा उपाय होऊ शकत नाही. शिराझ किंवा काबर्ने सोव्हिन्यों यांसारख्या भरदार लाल वाईनसाठी १६ ते १८ अंश, हलक्या लाल वाईनसाठी १३ ते १५, पांढऱ्या वाईनसाठी ८ ते ११ आणि स्पार्कलिंगसाठी ६ ते ८ अंश एवढे आकडे लक्षात ठेवले तरी घरी पुरे होतात. थर्मामीटर विकत घेऊ नका. बाटली हाताला गारसर लागली, पण बर्फासारखी गार लागत नसेल, तर लाल वाईन साधारण जागेवर आली आहे असे समजावे.

आता हे साधायचे कसे, ते सांगतो, कारण इथेही आयात केलेला सल्ला फसवतो. 'पिण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा' हे २० अंशांच्या खोलीतल्या बाटलीसाठी ठीक आहे. आपल्याकडे ३२ अंशांची बाटली फ्रीजमध्ये ठेवली तर ती १७ अंशांपर्यंत यायला दीड ते दोन तास लागतात, कारण हवा उष्णता फार सावकाश ओढून घेते. घाई असेल तर स्टीलची बादली किंवा खोल पातेले घ्यावे, त्यात बर्फ टाकावा आणि बाटलीच्या गळ्यापर्यंत पाणी भरावे. नुसत्या बर्फात बाटली खोचली तर बर्फाचे खडे तिला जागोजागीच टेकतात. पाणी मात्र तिला सगळीकडून वेढते. अशा बादलीत लाल वाईनला दहा-बारा मिनिटे आणि पांढरीला साधारण अर्धा तास पुरतो. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत घरी आईस्क्रीमचा पॉट फिरवला असेल, तर बर्फात खडे मीठ का टाकत असत हे आठवेल. तेच मूठभर मीठ इथेही टाकले तर बर्फाचे पाणी शून्याच्याही खाली जाते आणि वेळ आणखी वाचतो. फ्रीजरमध्ये मात्र बंद बाटली ठेवून विसरू नका. उणे ५-६ अंशांच्या आसपास वाईन गोठू लागते, गोठताना फुगते, आणि मग बूच तरी वर सरकते किंवा बाटली तरी तडकते.

उष्णतेचा विषय निघालाच आहे, तर माझी स्वतःची पहिली फजितीही सांगतो. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरी, पहिल्या पगारातून आणलेली लाल वाईनची एक बाटली मी स्वयंपाकघराच्या माळ्यावर, पितळी पातेल्यांच्या मागे आडवी ठेवली होती. वाईन जितकी जुनी तितकी चांगली, असे कुठेतरी वाचले होते आणि बूच ओले राहावे म्हणून बाटली आडवी ठेवावी हेही वाचले होते. दोन उन्हाळे ती तिथे राहिली. खाली रोज दोन वेळा फोडण्या पडत होत्या आणि वर पत्रा तापत होता. मामेभावाला नोकरी लागली त्या दिवशी मी ती समारंभपूर्वक खाली उतरवली. कॉर्कस्क्रू घरात नव्हता, म्हणून लाकडी कालथ्याच्या दांड्याने बूच आत ढकलले आणि त्याचे तुकडे चहाच्या गाळण्याने गाळले. ग्लासात जे आले त्याचा रंग विटेसारखा होता, वास उकळलेल्या मनुकांचा आणि चिंचेच्या कोळाचा होता, आणि मामेभावाने अत्यंत आदराने विचारले, "दादा, हे असंच असतं का?" मी हो म्हणालो. जुनी होत जाऊन सुधारणाऱ्या वाईन असतात, पण त्या थोड्या असतात, मुद्दाम तशा घडवलेल्या असतात आणि १२-१४ अंशांच्या अंधारात ठेवलेल्या असतात. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक बाटल्या दोन-तीन वर्षांत पिऊन संपवण्यासाठीच भरलेल्या असतात. आपल्या घरात त्यांच्यासाठी त्यातल्या त्यात सुरक्षित जागा म्हणजे फ्रीजचा भाजीच्या खणाजवळचा कप्पा. माळा, ओट्याखालचे कपाट आणि दिवाणखान्यातले दिवे लावलेले शोकेस या तिन्ही जागा वाईटच.

तुमच्या पत्रातला 'काढ्यासारखी कडू' हा शब्द मला थांबून पाहावासा वाटतो. लाल वाईन पहिल्यांदा पिणारे दहापैकी आठजण तिला कडू म्हणतात आणि मी विचारतो, कडू कुठे लागली? तेव्हा बोट जिभेकडे जाण्याऐवजी गालांकडे आणि हिरड्यांकडे जाते. ती जागा तुरटपणाची आहे. सुदैवाने आपल्या भाषेत त्यासाठी स्वतंत्र आणि रोजच्या वापरातला शब्द आहे, आयुर्वेदाच्या सहा रसांत 'कषाय' म्हणून त्याला मानाचे पानही मिळाले आहे, आणि जांभूळ, आवळा, कच्चे केळे, सुपारी, काजूचे बोंडू यांवर वाढलेल्या जिभेला तो नवीन नाही. काजूचे बोंडू चावल्यावर तोंड जसे आवळून येते तशीच गोष्ट शिराझ सौम्य प्रमाणात करते. याचे कारण टॅनिन नावाची द्रव्ये. ती लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, त्यामुळे लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडे, खरखरीत वाटते. वाईनची द्राक्षे आपल्या खाण्याच्या थॉमसन सीडलेससारखी नसतात. ती लहान, जाड सालीची आणि बियांची असतात. लाल वाईन बनवताना रस या साली-बियांसकट आंबवतात, म्हणून रंग आणि टॅनिन दोन्ही रसात उतरतात. पांढऱ्या वाईनसाठी रस आधीच गाळून वेगळा काढतात, त्यामुळे ती तुरट लागत नाही.

हे पटवून घेण्यासाठी वाईन उघडण्याची गरज नाही. एका भांड्यात कपभर पाण्यात दोन चमचे चहा पावडर टाकून चांगला सात-आठ मिनिटे उकळा, गाळा, साखर घालू नका आणि कोमट झाल्यावर एक घोट तोंडात फिरवा. गाल आत ओढले जातील. आता त्यातला थोडा वेगळ्या कपात काढून त्यात दोन चमचे दूध घालून पुन्हा घोट घ्या. तो तुरटपणा जवळजवळ नाहीसा झालेला असेल, कारण टॅनिनला चिकटायला दुधातले केसीन हे प्रथिन मिळाले आणि तुमची लाळ वाचली. मग एक कोरा घोट पुन्हा घ्या, पण त्याआधी चीजचा तुकडा चावून खा. लाल वाईनबरोबर चीज का ठेवतात, याचे कारण तुम्हाला तुमच्याच स्वयंपाकघरात, पाच मिनिटांत कळलेले असेल. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक गटाला मी आधी हा चहा पाजतो. काहीजण नाराज होतात, कारण त्यांनी वाईनचे पैसे भरलेले असतात.

दुसरा धक्का गोडीचा असतो. द्राक्षापासून केलेली गोष्ट गोड असणार अशी आपली समजूत असते आणि गोव्याहून आणलेल्या गोड पोर्ट वाईनने ती पक्की केलेली असते. नाशिकची वाईनची द्राक्षे जानेवारी ते मार्च या काळात तोडतात तेव्हा ती खाण्याच्या द्राक्षांपेक्षाही गोड असतात, पण यीस्ट ती साखर खाऊन तिचे अल्कोहोल करते, आणि सगळी साखर संपली की उरते तिला 'ड्राय' म्हणतात. ड्राय म्हणजे न गोड, एवढाच त्याचा अर्थ. सुरुवातीलाच अशी वाईन आवडली पाहिजे असा काही दंडक नाही. लेबलावर 'ऑफ-ड्राय' किंवा 'सेमी-स्वीट' लिहिलेल्या शेनिन ब्लां या पांढऱ्या वाईनपासून सुरुवात करण्यात कमीपणा मानू नये. ही द्राक्षाची जात फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातली, पण नाशिकच्या मातीत ती चांगली रुजली आहे.

आता मटणाचा रस्सा. तिखटातले कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या संवेदकांना 'भाजले' असे सांगते, त्यांनाच अल्कोहोलही चिथावते, आणि टॅनिनमुळे कोरडे पडलेले तोंड तो दाह आणखी तीव्रपणे अनुभवते. म्हणजे १४ टक्के अल्कोहोलची, ३२ अंशांची, टॅनिनने भरलेली शिराझ तुम्ही आगरी मसाल्याच्या रश्शावर ओतलीत. ठाण्यातली मामलेदार मिसळ खाऊन वर कडकडीत गरम कोरा चहा प्यायल्यावर जे होईल त्यातलाच हा प्रकार आहे. दोष रश्शाचाही नाही. त्याला सोबत हवी ती कमी अल्कोहोलच्या, किंचित गोड आणि चांगल्या गार पांढऱ्या वाईनची, किंवा खरे सांगायचे तर ताकाची. शिराझसाठी मटणच हवे असेल तर सुके मटण करा, मिरची निम्मी ठेवा, कांदा-खोबरे चांगले खरपूस भाजा आणि काळी मिरी सढळ हाताने घाला. शिराझच्या वासात मिरीची जी छटा असते ती रोटंडोन नावाच्या द्रव्यामुळे येते आणि हेच द्रव्य खऱ्या काळ्या मिरीतही असते, त्यामुळे ही जोडी जमते.

मासळीच्या बाबतीत 'माशाबरोबर पांढरी' हा जुना नियम मी तरुणपणी थोतांड मानत होतो आणि तळलेल्या बांगड्याबरोबर लाल वाईन पिऊन मी त्याची शिक्षा भोगली आहे. तोंडात गंजलेला खिळा धरल्यासारखी, वरून शिळ्या माशाची चव आली. जपानी संशोधकांनी २००९ साली या प्रकाराचे कारण दाखवून दिले. वाईनमधले लोह माशातल्या तेलाशी मिळून तो वास तयार करते, आणि लाल वाईनमध्ये लोह बहुधा जास्त असते. बांगडा, तारली अशा तेलकट मासळीत हे सर्वांत जास्त जाणवते. उलट कुरकुरीत तळलेले बोंबील आणि गार सोव्हिन्यों ब्लां ही पांढरी वाईन किंवा स्पार्कलिंग वाईन ही जोडी एकदा जमली की नवशिक्याचे अर्धे शिक्षण पूर्ण होते, कारण तळणीचा तेलकटपणा वाईनमधल्या आंबटपणाने कापला जातो आणि पुढचा बोंबील पहिल्यासारखाच लागतो. तेच काम लिंबाची फोड करते, म्हणून ही वाईन म्हणजे लिंबाची फोड आहे असे समजून जेवण ठरवावे. कोथिंबीर वडी, अळू वडी, साबुदाणा वडा हे सगळे याच हिशेबात बसते. सोलकढीबरोबर मात्र काहीच जमत नाही. कोकमाचा आंबटपणा समोरच्या वाईनला पाणचट करून टाकतो. श्रीखंड-पुरीबरोबर ड्राय वाईन तर निव्वळ लिंबूपाणी होते, कारण पदार्थापेक्षा वाईन कमी गोड असली की तिचा आंबटपणाच काय तो उरतो. तिथे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाईन लागते, आणि तीही अगदी लहान ग्लासात.

पंख्यावर आपटलेल्या बुचाकडे वळतो. हा विनोदाचा विषय नाही, कारण डोळ्याला लागले असते तर दृष्टी गेली असती. पारंपरिक पद्धतीने बनवलेल्या स्पार्कलिंग वाईनच्या बाटलीत पाच ते सहा वातावरणांइतका दाब असतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या दुपटीहून जास्त. बाटली कोमट असेल किंवा वाशीहून खारघरपर्यंत स्कूटरच्या डिकीत हिंदकळत आली असेल, तर वायू एकदम सुटतो. म्हणून बाटली तीन-चार तास फ्रीजमध्ये स्वस्थ ठेवावी. उघडताना वरचा कागद काढावा, तारेची कडी उलगडताना अंगठा बुचावर दाबूनच ठेवावा आणि तार सैल करूनही बुचावरच राहू द्यावी. मग बाटली तिरपी धरावी, तोंड माणसांपासून आणि पंख्यापासून दूर असावे, एका हाताने बूच व तार घट्ट धरून दुसऱ्या हाताने बाटली बुडाकडून हळूहळू फिरवावी. फिरवायची ती बाटली, बूच नव्हे. बूच वर येऊ लागले की त्याला आत ढकलल्यासारखे रोखून धरावे, म्हणजे धडाक्याऐवजी उसासा टाकल्यासारखा आवाज येतो आणि सोफा कोरडा राहतो. कॅमेऱ्यासमोर फेस उडवणारे लोक त्या बाटलीचे पैसे भरत नसतात.

हॉटेलातला प्रसंग सगळ्यांत सोपा आहे. वेटर घोटभर वाईन ओतून थांबतो तो तुमची पसंती विचारायला थांबत नाही. बाटली खराब निघाली आहे का, एवढेच तुम्ही तपासावे अशी त्याची अपेक्षा असते. बुचातून कधी कधी ट्रायक्लोरोअॅनिसोल नावाचे द्रव्य वाईनमध्ये उतरते आणि तिला पावसाळ्यात भिजलेल्या पुठ्ठ्याचा, किंवा बंद खोलीत सादळलेल्या वर्तमानपत्राच्या गठ्ठ्याचा वास येतो. नवी मुंबईत चार पावसाळे काढलेल्या माणसाला हा वास ओळखायला शिकवावा लागत नाही. तसा वास नसेल, व्हिनेगरसारखा झोंबणारा आंबूस दर्पही नसेल, तर मान हलवून 'चालेल' म्हणावे. त्यासाठी प्यावेही लागत नाही, नुसते हुंगले तरी पुरते. चव आवडली नाही म्हणून बाटली परत करता येत नाही. आणि फिरकीच्या झाकणाची बाटली असेल तर बुचातून येणारा हा दोष उद्भवत नाही. स्क्रू कॅप म्हणजे हलका माल, हा समज सोडून द्यावा. त्या संध्याकाळी शेजारच्या टेबलावर जे हसले, त्यांनीही आपली पहिली बाटली अशीच उघडली असणार.

ग्लास फिरवून हुंगण्याचा सोपस्कार मात्र टाळू नका, कारण चव म्हणून आपण ज्याला म्हणतो त्यातला मोठा भाग वासाचा असतो. सर्दी झाल्यावर वरण आणि आमटी सारखीच लागते, तेव्हा हे कळते. ग्लास एक तृतीयांशच भरावा, म्हणजे फिरवायला जागा राहते, आणि दांडीला धरावा, म्हणजे तळहाताची ऊब वाईनला लागत नाही. बाटलीच्या पाठीवर ब्लॅककरंट आणि गूजबेरी अशी विलायती फळे लिहिलेली असतात, ती वाचून खजील होऊ नये. मीही कामाची पहिली काही वर्षे ब्लॅककरंट न पाहताच पाहुण्यांना ब्लॅककरंट सांगत होतो. तुमच्या नाकात जांभूळ, करवंद, पिकलेला पेरू, कैरी, ढोबळी मिरची, लिंबाची साल, खडा मसाला यांचे वास पक्के बसलेले आहेत, तेच वापरा. सोव्हिन्यों ब्लांमध्ये पेरू आणि हिरवी ढोबळी मिरची सापडली तर ती कविता समजू नका, त्या वासांची द्रव्ये त्या वाईनमध्ये खरोखर असतात. आणि तज्ज्ञांच्या शब्दांचा धाक वाटत असेल तर फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये झालेला, २००१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग ध्यानात ठेवा. पांढऱ्या वाईनमध्ये चव नसलेला लाल रंग मिसळून ती वाईनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केले.

खरेदीबद्दल एकच मुद्दा. आपल्याकडे 'वाईन शॉप' या पाटीखाली प्रामुख्याने व्हिस्की, रम आणि बिअर विकली जाते, आणि खरी वाईन बहुधा दर्शनी काचेच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या आणि उन्हाच्या कृपेवर उभी असते. त्या फळीवरची बाटली घेऊ नका, आतून किंवा कूलरमधून काढून मागा. बूच वर सरकलेले दिसले किंवा गळ्याशी चिकट ओघळ लागला, तर ती बाटली तापलेली आहे. पांढरी आणि रोझे, म्हणजे गुलाबी, वाईन घेताना लेबलावरचे वर्ष जितके अलीकडचे तितके बरे.

तुम्ही विचारले नाही, तरी एक गोष्ट सांगणे माझे काम आहे. वाईन 'सौम्य' असते, औषधी असते, अशी समजूत घेऊन अनेकजण माझ्याकडे येतात. १३ टक्क्यांच्या वाईनच्या १५० मिलिलिटर ग्लासात सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल असते, तर ६० मिलिलिटर व्हिस्कीत सुमारे २०. फरक आहे, पण समजतो तेवढा नाही, आणि एका बाटलीत असे पाच ग्लास असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट केले आहे की, आरोग्याला पूर्णपणे सुरक्षित असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. तेव्हा प्यायची तर जेवणातली एक चव म्हणून, एक ग्लास, बरोबर तेवढेच पाणी, आणि पुढच्या वेळी नाशिकला जाताना कसारा घाटातून स्वतः गाडी हाकण्याऐवजी कल्याणहून नाशिकरोडची रेल्वे पकडून.

तुमच्याकडे शिराझची दुसरी बाटली अजून बंद आहे, तिच्याबद्दल बोलू. ती आजच कपाटातून काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. शनिवारी संध्याकाळी सात वाजता ती उघडा आणि एका ग्लासात दोन बोटे ओतून तो ग्लास टेबलावर ठेवा. बाटली पुन्हा फ्रीजमध्ये. वीस मिनिटांनी दुसऱ्या ग्लासात तेवढीच ओता, आणखी वीस मिनिटांनी तिसऱ्यात, आणि लगेच तिन्ही ग्लास शेजारी शेजारी ठेवून चाखा. पहिला उबदार झालेला असेल, तिसरा गार असेल. आधी तिन्ही नुसते हुंगा, मग एकेक घोट, मग चीजचा किंवा पनीरचा तुकडा आणि पुन्हा एकेक घोट. कोणत्या ग्लासात मिरी आणि जांभूळ सापडले, कोणत्यात नुसता तुरटपणा लागला, हे दोघांनी एकमेकांना न सांगता कागदावर लिहा. पंखा बंद ठेवा, तो वास उडवून लावतो, आणि त्या वेळी स्वयंपाकघरात फोडणी पडू देऊ नका. रस्सा दुसऱ्या दिवशी करा. राहिलेली वाईन झाकण घट्ट लावून फ्रीजमध्येच ठेवली तर तीन-चार दिवस चांगली राहते.

फ्रीजच्या दारातली ती तीन आठवड्यांची अर्धी बाटली मात्र आता पिण्याजोगी राहिलेली नाही. तिला हवा लागून गेली आहे. तिचे आपोआप चांगले व्हिनेगर होईल अशी आशा मीही एकदा धरली होती आणि बरणीवर आलेली साय पाहून बायकोने ती मोरीत ओतली. टाकण्यापूर्वी एकदा ग्लासात घेऊन हुंगा, बिघडलेल्या वाईनचा वास कसा असतो ते कळेल, आणि वाशीच्या त्या हॉटेलात पुन्हा गेलात की तो घोट कशासाठी ओतला आहे हे वेटरने न सांगता समजेल.